सांडवा कुठे आहे?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कसाऱ्याच्या लोकलने टिटवाळा, खडवली ओलांडून वाशिंदला उतरलात आणि रिक्षा करून आतल्या गावांकडे निघालात, की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फार्महाऊसच्या पाट्या सुरू होतात. त्यांत एक शब्द फार लाडका आहे, ‘लेक व्ह्यू’. मुंबईकर गिऱ्हाइकाला डोंगर हवा असतो, हिरवळ हवी असते आणि शक्य असेल तर दारात तळेही हवे असते. शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांत नैसर्गिक तळी मात्र फारशी नाहीत. मग हे ‘लेक’ येतात कुठून? बहुतेक वेळा प्लॉटमधून वाहणाऱ्या नाल्यावर मातीचा भराव टाकून ते तयार केलेले असतात. मालक त्याला तळे म्हणतो, जाहिरातीत लेक म्हणतात, गावकरी बंधारा म्हणतात. पण वाहते पाणी भराव घालून अडवले आणि ते जमिनीच्या वर चढवून धरले, की ते धरणच झाले. उंची भातशाएवढी असो की दोन पुरुष असो, पाण्याचे नियम दोघांना सारखेच लागू असतात.

पाणी साठवणाऱ्याला दोष देण्याचा माझा हेतू नाही, हे आधीच सांगून टाकतो. या भागात वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. तानसा, वैतरणा, भातसा इथलेच. मुंबईच्या नळाला येणारे बरेचसे पाणी या डोंगरांतून जाते आणि इथल्याच पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते. अशा ठिकाणी कोणी आपल्या रानात पाणी अडवले तर ते शहाणपणच आहे. उन्हाळ्यात भाजीपाला होतो, आसपासच्या विहिरींना पाणी उतरते, गुरांची सोय होते. प्रश्न आहे तो अडवलेले पाणी सांभाळण्याचा.

पाणी अडवण्याच्या सगळ्या रीती सारख्या धोक्याच्या नसतात. सपाट जमिनीत खड्डा खणून केलेले शेततळे घ्या. पाणी जमिनीच्या पातळीखाली असेल तर फुटून जाणार कुठे? त्यात माणूस किंवा जनावर पडून बुडण्याचा धोका मोठा, म्हणून कुंपण हवे. पण खालचे गाव त्याने वाहून जात नाही. दिवाळीच्या सुमारास श्रमदानाने सिमेंटच्या रिकाम्या गोणीत माती भरून घालतात तो वनराई बंधारा पहिल्या पावसात वाहून जातो, आणि तो तसा जावा हेच अपेक्षित असते. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे पावसाळ्याआधी काढून ठेवायचे असतात. ते काढायचे राहिले, तर नदी बंधारा सोडून काठ कोरते आणि बाजूने वाट काढते. आजचा विषय आहे तो चौथा प्रकार, नाल्यावर कायमचा घातलेला मातीचा भराव. तो पावसाळ्यातही पाणी धरून उभा असतो आणि त्याचा मालक बहुधा सोमवार ते शुक्रवार मुंबईत असतो.

काही वर्षांपूर्वी ओळखीच्या एका गृहस्थांनी त्यांचे तळे पाहायला मला बोलावले होते. आयुष्य पाटबंधाऱ्यांच्या कामात गेल्यामुळे लोक मला हौसेने तळी दाखवतात. भराव देखणा होता. माथ्यावर नारळाची रांग, फरशी घातलेली पायवाट, बसायला बाक. मी विचारले, “सांडवा कुठे आहे?” त्यांनी भरावात बसवलेला फूटभर व्यासाचा सिमेंटचा पाईप दाखवला. तोंडाशी बारीक जाळी होती, सोडलेले मासे वाहून जाऊ नयेत म्हणून. मालक आत चहा सांगायला गेले तसे राखणीला असलेले काका हळूच म्हणाले, “साहेब, मागच्या जुलैत पाणी माथ्याच्या हातभर खाली आलं व्हतं. पालापाचोळा जाळीला लागतो ना. मी रातभर काठीनं जाळी मोकळी करत बसलो. खाली आमचीच घरं हायेत.” मी खाली पाहिले. नाला वळण घेतो तिथे वीसेक घरांचा पाडा होता.

आता थोडा हिशेब करू. कंटाळू नका, शाळेतलाच गुणाकार आहे. त्या नाल्याला वरून पाणी देणारे क्षेत्र साधारण वीस हेक्टर, म्हणजे पन्नास एकर होते. एका हेक्टरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला की १,००० घनमीटर पाणी होते. वीस हेक्टरांवर २०,००० घनमीटर. तासाभरात १०० मिलिमीटर पाऊस कोकणात आणि घाटाखाली अशक्य नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर झाला, तेव्हा काही तास याच चालीने तो कोसळत होता. जमीन आधीच भिजलेली असेल तर पडलेल्या पावसातले ऐंशी टक्के पाणी नाल्यात येते असे धरा. म्हणजे सेकंदाला सुमारे ४,४०० लिटर पाणी तळ्याकडे धावते. पाण्याखाली अर्धा मीटर बुडालेला तो फूटभराचा पाईप, जाळी स्वच्छ असताना, सेकंदाला साधारण १३० लिटर पाणी बाहेर सोडतो. तसे तीसहून अधिक पाईप असते तरच हिशेब जुळला असता. तेच पाणी अर्धा मीटर खोलीने वाहून जायचे तर साडेसात मीटर रुंदीचा उघडा सांडवा लागतो. उघडा म्हणजे खरोखर उघडा, भरावाच्या बाजूला, मूळ कठीण जमिनीत कोरलेला, जाळी, फाटक किंवा वरून शोभेचा पूल नसलेला.

पाईप हा पाणी काढून घेण्यासाठी असतो आणि सांडवा पूर सोडून देण्यासाठी. हा फरक ज्याला कळला त्याला छोट्या धरणाचे निम्मे शास्त्र कळले.

मातीचा भराव पाण्याचा दाब चांगला सोसतो, पण माथ्यावरून वाहणारे पाणी तो सोसत नाही. सिमेंटच्या बंधाऱ्यावरून पाणी गेले तर आपण तिकडे फोटो काढायला जातो. मातीवरून गेले तर ते मागच्या उतारावर पहिल्या काही मिनिटांत घळ पाडते, घळ माथ्याकडे मागे सरकत येते आणि माथा कापला गेला की सगळा साठा त्या खिंडीतून सुटतो. पन्नास मीटर लांब, चाळीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल तळे घ्या. त्यात सहा हजार घनमीटर पाणी, म्हणजे सहा हजार टन. दहा हजार लिटरचे सहाशे टँकर एकामागून एक अर्ध्या तासात एखाद्या पाड्यावर ओतले तर काय होईल, याची कल्पना करा. आणि हे पाणी येते तेव्हा नाला आधीच दुथडी भरलेला असतो.

दुसरे मरण आतून येते. भरावातून थोडे पाणी पाझरतेच, त्यात वावगे काही नाही. पायथ्याशी स्वच्छ, संथ पाणी झिरपत असेल आणि ते वर्षानुवर्षे तितकेच असेल तर घाबरू नये. पण पाणी गढूळ येऊ लागले, की समजावे ते एकटे येत नाही, भरावाची माती घेऊन येते आहे. आत एक नळी तयार होत असते. ती जितकी रुंद होईल तितके पाणी जोरात येते, आणि जितके जोरात येईल तितकी ती रुंद होते. ही नळी बहुधा कुठे सुरू होते? पाईप आणि माती यांच्या सांध्यात, कारण पाईपभोवती धुम्मस नीट होत नाही. जुन्या नाल्याची वाळू न खणता तिच्यावरच भराव टाकला असेल तर तिथे. मेलेल्या झाडाच्या कुजलेल्या मुळाच्या जागी. आणि बिळांत.

बिळे म्हटली की महाराष्ट्राला खेकडे आठवतात. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले. पायथ्याची भेंदवाडी वाहून गेली आणि वीसहून अधिक माणसे गेली. गळतीबद्दल गावकऱ्यांनी आधीच तक्रारी केल्या होत्या, वरवरची डागडुजीही झाली होती. तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांनी धरण पोखरल्याचे सांगितले आणि राज्यभर त्याची टिंगल झाली. ती व्हायलाच हवी होती. एवढ्या मोठ्या धरणाचा भार खेकड्यावर टाकणे हे फारच झाले. पण गंमत बाजूला ठेवून सांगतो, तीन मीटरच्या खासगी बांधाच्या मालकाने या वाक्याला हसू नये. त्याच्या भरावाचा माथा दोन-अडीच मीटर रुंद असतो. घुशीचे बीळ एका बाजूने आणि खेकड्याचे दुसऱ्या बाजूने आत गेले, तर मध्ये उरणारी माती फार थोडी असते. बीळ दिसले की ते तळापर्यंत खणून, ओली चिकण माती थराथराने ठोकून बुजवायचे. वरून दगड कोंबला तर बीळ झाकले जाते, बुजत नाही.

तिवरे सरकारी होते, तिथे निदान तक्रार कोणाकडे करायची हे लोकांना ठाऊक होते. खासगी तळ्याचे तेही नाही. २०२१ मध्ये संसदेने धरण सुरक्षा कायदा केला. चांगला कायदा आहे. पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी, आपत्कालीन कृती आराखडा, मालकाची जबाबदारी, सगळे त्यात आहे आणि खासगी मालकही त्यातून सुटत नाही. मावळ-मुळशीत टाटांची वीजनिर्मितीची खासगी धरणे आहेत, तशा मोठ्या धरणांना तो लागू होतो. पण त्याची मोजपट्टी सुरू होते पंधरा मीटर उंचीपासून. दहा ते पंधरा मीटरमधली धरणे लांबी, साठा, पूर अशा काही अटींत बसली तरच येतात. पाच-सात मीटरचा भराव त्यात कुठेच नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम २० मात्र लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्यानुसार नदी-नाल्यांचे पात्र आणि त्यातले वाहते पाणी, कोणाचा वेगळा हक्क सिद्ध नसेल तर, शासनाच्या मालकीचे असते. सातबारा आपल्या नावावर असला तरी त्यातून जाणारा नाला आपला होत नाही. तो अडवायला परवानगी लागते, आणि ती मागितली तर निदान एक अभियंता कागदावर तरी सांडव्याची रुंदी मोजतो.

कायद्याच्या इतिहासात अशा छोट्या तळ्यांनी मोठे काम केले आहे. १८६० मध्ये इंग्लंडमधल्या लँकेशायरात एका गिरणीवाल्याने गिरणीसाठी तळे बांधून घेतले. खाली जुन्या खाणीची बुजलेली विवरे होती. तळे भरताच पाणी त्यांतून उतरले आणि शेजाऱ्याच्या कोळशाच्या खाणीत शिरले. गिरणीवाल्याची स्वतःची चूक नव्हती, काम कंत्राटदाराचे होते. तरीही १८६८ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला, की निसटले तर नुकसान करील अशी वस्तू जो आपल्या जमिनीवर आणून साठवतो, तो तिच्या निसटण्याला जबाबदार. रायलंड्स विरुद्ध फ्लेचर या नावाने कायद्याचा प्रत्येक विद्यार्थी हा खटला पाठ करतो. त्यातले पाणी मात्र विसरून जातो. पुढे १८७४ मध्ये आपल्याकडचाच एक खटला प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला. कार्वेटनगरमच्या जमीनदाराचे तलाव अतिवृष्टीत फुटले आणि मद्रास रेल्वेचे पूल वाहून गेले. तिथे उलट निकाल लागला. हे तलाव पूर्वापार चालत आलेले, रयतेच्या शेतीसाठी आवश्यक आणि ते राखणे हे जमीनदाराचे कर्तव्यच, तेव्हा निष्काळजीपणा दाखवल्याशिवाय त्याला जबाबदार धरता येणार नाही, असे न्यायमूर्तींनी ठरवले. मला हे दोन निकाल शेजारी ठेवून पाहायला आवडतात. लोकांच्या पोटासाठी राखलेला तलाव आणि स्वतःच्या सोयीसाठी केलेले तळे यांत न्यायालयाने फरक केला. ‘लेक व्ह्यू’वाल्याने आपण कुठल्या बाजूला बसतो हे स्वतःच ठरवावे.

निव्वळ हौसेसाठी राखलेल्या धरणाची सर्वांत भयंकर गोष्ट अमेरिकेतली आहे. पेनसिल्व्हेनिया राज्यातले साउथ फोर्क धरण मूळ कालव्यासाठी सरकारने बांधलेले. ते विकले गेले आणि मधल्या एका मालकाच्या काळात तळातले लोखंडी पाईप काढून विकण्यात आले. म्हणजे पाणी खाली करण्याची सोयच गेली. मग ते पिट्सबर्गच्या धनिकांच्या मासेमारी क्लबने घेतले. माथ्यावरून घोडागाड्या जाव्यात म्हणून माथा थोडा उतरवला आणि मासे पळू नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या लावल्या. ३१ मे १८८९ ला मोठा पाऊस झाला, जाळ्यांत ओंडके-पाला अडकला, पाणी माथ्यावरून गेले. खालचे जॉन्सटाउन शहर त्यात नष्ट झाले. २,२०९ माणसे मेली. क्लबच्या एकाही सभासदाला न्यायालयाने जबाबदार धरले नाही. वाशिंदकडच्या त्या तळ्याची जाळी पाहून मला पहिल्यांदा जॉन्सटाउनच आठवले होते.

हे जुने झाले म्हणावे तर २००६ च्या मार्चमध्ये हवाई बेटांत का लोको हे उसाच्या मळ्यासाठी बांधलेले जुने खासगी धरण फुटून सात जण गेले. त्याचा सांडवा बुजवला गेल्याची दाट शक्यता तपासात नोंदली गेली. मे २०१८ मध्ये केनियातल्या सोलाई इथे एका मोठ्या मळ्याचे तळे रात्री फुटले आणि चाळीसहून अधिक माणसे गेली, त्यांत मुले बरीच होती. वर मळा आणि खाली मजुरांची वस्ती, अशी तिथली रचना. आपल्याकडे फार वेगळी नाही.

खासगी मालक नेहमी बेजबाबदारच असतो असे मात्र नव्हे. पूर्व विदर्भातले मालगुजारी तलाव आठवा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. कोहळी समाजातल्या जाणत्यांनी, गोंड राजांच्या काळापासून, नुसत्या नजरेने जमिनीचा उतार ओळखून ते बांधले. त्यांची मालकी मालगुजारांकडे होती, पण राखण गावाकडे असे. गाळ काढायचा तो शेतात जायचा, पाळीवर माती चढवायची ती उन्हाळ्यात, पाणी कोणाला आधी सोडायचे ते ठरलेले. १९५० मध्ये मालगुजारी संपवणारा कायदा आला आणि तलाव सरकारजमा झाले. जमीनदारी गेली हे योग्यच झाले. पण पाळीवर चढून बीळ शोधणारा माणूसही त्याबरोबर गेला आणि त्याच्या जागी कोणी आले नाही. कितीतरी तलाव गाळाने भरले, कित्येकांच्या पाळी खचल्या. मालकी कोणाची यापेक्षा पावसाळ्यात पाळीवर रोज कोण चालते, हे मला म्हणूनच महत्त्वाचे वाटते.

तर मालकाने करायचे काय? खर्चाचे काम एकच, पुरेसा सांडवा. बाकीचे चालण्या-पाहण्याचे आहे. मे महिन्यात माथ्यावर दोरी ताणून पाहावी. मधला भाग कालांतराने बसतो, आणि जिथे तो खाली असेल तिथूनच पाणी पहिल्यांदा जाते. तिथे माती चढवून पुन्हा ठोकावी. पूर आला असतानाही पाणी आणि माथा यांत निदान दोन-तीन फुटांचे अंतर उरले पाहिजे. भरावावर हरळी वाढू द्यावी, तिच्यासारखी माती धरणारी दुसरी स्वस्त वस्तू नाही. नारळ, आंबा, उंबर मात्र नकोत. वादळात झाड उन्मळले तर मुळांसकट भरावाचा घास घेऊन पडते. आधीच मोठे झालेले झाड तोडून मूळ आत कुजू देणे आणखी वाईट. त्यासाठी तळे रिकामे असताना, जाणत्या माणसाला दाखवून, मूळ खणून काढून जागा भरून घ्यावी. जून ते सप्टेंबर रोज एकदा, आणि मोठ्या पावसात दर दोन तासांनी, कोणीतरी पायथ्यापर्यंत जाऊन आले पाहिजे. हे काम ज्याला सांगाल त्याला मोबाइलवर तुम्हाला रात्री दोनला उठवण्याचा अधिकारही द्या. आपल्याकडे राखणदार साहेबांची झोप मोडायला घाबरतो.

पायथ्याशी गढूळ पाणी दिसलेच तर बाहेरचे तोंड मातीने किंवा चिंध्यांनी बंद करू नये. पाणी दुसरीकडून फुटते. त्यावर आधी वाळू, मग बारीक खडी, मग मोठी खडी असा ढीग घालावा, म्हणजे पाणी येईल पण माती अडेल. त्याच वेळी पाईप उघडून, पंप लावून तळ्याची पातळी उतरवायला घ्यावी. भराव फोडून पाणी काढण्याचा सल्ला देणारे भेटतात. ते कधीच करू नये, कापलेला भराव तुमच्या इच्छेने थांबत नाही. आणि या सगळ्याच्या आधी खालच्या वस्तीला उठवावे. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि आणीबाणीचा ११२ हे दोन क्रमांक राखणदाराच्या खोलीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत. जुलै २०२४ मध्ये वाशिंद भागातल्या एका फार्महाऊसमध्ये पुरात अडकलेल्या जवळपास पन्नास जणांना राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाने बाहेर काढले होते. तो पूर नदीचा होता, तळ्याचा नव्हे. पण मदत पोहोचायला वेळ लागतो हे त्यातून कळावे. नदी चढायला काही तास घेते. फुटलेले तळे पाड्यावर पोहोचायला तितकीही सवड देत नाही.

त्या ओळखीच्या गृहस्थांना मी हिशेब कागदावर मांडून दाखवला. ते रागावले, मग गप्प झाले, आणि पुढच्या मे महिन्यात त्यांनी जेसीबी लावून भरावाच्या डाव्या अंगाला, मूळ मुरमात, आठ मीटर रुंदीचा सांडवा काढून घेतला. दोन दिवसांचे काम. त्यासाठी लॉनचा कोपरा गेला आणि तळ्याची पातळी दोन फूट उतरली. नारळ अजून माथ्यावर आहेत. त्यांच्यावर आमचे एकमत झालेले नाही. पावसाळ्यानंतर गेलो तेव्हा काका भेटले. त्या वर्षी जाळीपाशी बसावे लागले नाही म्हणाले. सांडव्यातून मासे खाली उतरले होते आणि पाड्यातल्या पोरांनी नाल्यात पाटीने धरून नेले होते.